नानाने आणलेलं हिरवं लुगडं

देवळ्याच्या एसटी स्टँडवर सासू आम्हाला पोचवायला आली होती. आमच्याजवळ एक पत्र्याची पेटी, एक स्टोव्ह आणि दोन पोरं. आमच्या मालकांना नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे काम मिळालं होतं, म्हणून गाव सोडत होतो. नव्वद साल उलटून गेलं होतं. अशा वेळी रडायची पद्धत असते. मी रडले नाही, सासूही रडली नाही.

"तठे काय शे?" तिने विचारलं.

"काम आहे," मी म्हटलं.

"मंग जा. पण परत येशील तवा चालत ये. कोणी उचलून आणंल असं करू नको."

बस सुटली. रस्त्याकडेच्या कांद्याच्या चाळी मागे पडल्या. झाला निरोप.

गावाकडे राहिलेल्यांनो, तुम्ही म्हणता मी शहरात जाऊन बदलले. बदलले, आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. गावात मी उजेड बघून उठायचे, इथे फर्स्ट शिफ्टचा भोंगा ऐकून उठायला लागले. गावात धुणं पांढरं निघायचं. इथे दोरीवरच्या कपड्यांवर चिमणीची राख बसायची, झटकून घालायचे. चौथी शिकलेली बाई मी, कामगारांचे डबे करता करता पोळीचा व्यवसाय उभा केला. माझ्यासारखं जे गाव सोडून आले त्यांना हे सांगायला नको.

दोन हजार साल उलटल्यावर, थोरला नुकताच नोकरीला लागला होता, तेव्हा मला न्यूमोनिया झाला. नाशिकच्या दवाखान्यात आयसीयूत ठेवलं. मधलं काही आठवत नाही. जाग आली तेव्हा तोंडात नळी होती आणि माझा श्वास शेजारचं मशीन घेत होतं. आवाज निघेना. पोळपाटावर जन्म घासलेले हात, पण चादरीवरून उचलता येईनात.

भेटायच्या वेळी गावाहून आलेली माझी थोरली जाऊ आत आली. माझ्याकडे बघून मालकांना म्हणाली, "हिचं आता काही खरं नाही, भाऊजी. मशीन सुटलं की गावाला आणा. मागच्या खोलीत खाट टाकू. पडून राहील बिचारी, आम्ही भरवू."

ती खोली मला माहीत होती. आमची चुलतसासू त्याच खोलीत वर्षानुवर्षं पडून होती. तिला भरवणाऱ्यांत मीही होते. लोक दारातूनच बघून जायचे. मला मरणाची भीती वाटली नाही, त्या खाटेची वाटली. आणि तोंडात नळी, 'नको' म्हणायचीही सोय नाही.

तिथे निशा नावाची फिजिओथेरपिस्ट होती. इगतपुरीची, नोकरीसाठी घर सोडून आलेली. ती रोज माझे हातपाय हलवून घ्यायची. ताप उतरला, झोपेचं औषध कमी केलं, तेव्हा डॉक्टर येऊन म्हणाले, "मावशी, नुसतं पडून राहिलात तर अंगातली ताकद जाते. श्वासाचे स्नायूपण ढिले पडतात. मशीनवर असतानाच उठायचंय. तयार?" मी पापण्या मिटून हो म्हटलं. एवढं जोरात हो मी लग्नालाही म्हटलं नव्हतं.

निशा, दोन सिस्टर आणि वॉर्डातले मामा, असे चौघं जमले. एकीने नळी धरली, बाकीच्यांनी मला उठवून पलंगाच्या कडेला बसवलं. डोकं गरगरलं. मशीन ओरडायला लागलं.

"मशीनकडे बघू नका, मावशी. ते आम्ही बघतो. तुम्ही माझ्याकडे बघा."

मग त्यांनी मला खाली उतरवलं. पायाला गार फरशी लागली. निशाला धरून मी उभी होते. मग हळूच खुर्चीत बसवलं.

नेमकं तेव्हाच जावेने काचेतून पाहिलं. आमच्याकडे जीव जायला लागला की माणसाला खाटेवरून काढून भुईवर घेतात. तिने बघितलं काय, तर चौघं जण मला पलंगावरून खाली घेताहेत. "माय वं!" म्हणून तिने हंबरडा फोडला, कोणाला काही न विचारता जिना उतरली आणि समोरच्या बूथवरून गावाला फोन लावला.

दुपारी जीप आली. माझा धाकटा भाऊ नाना पुढे. सवाष्ण बाई गेली की तिचं शेवटचं हिरवं लुगडं माहेरचं लागतं, ते भावाने आणायचं. नाना ते पिशवीत घालून, डोळे सुजवून काचेपाशी आला, आणि मी समोर खुर्चीत बसलेली.

"अक्का?" त्याने काचेला हात टेकवला. मग जावेकडे वळला. "वहिनी, तुम्ही काय सांगितलं आम्हाला?"

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं! चौघं होते!"

निशाने त्याला आत घेतलं. पिशवीतून हिरवा काठ दिसत होता. मी काय ते समजले. हसू आलं, खोकला उठला, मशीन पुन्हा ओरडलं. मी बोटाने खूण केली: पिशवी इकडे ठेव. नाना लाजून ती मागे लपवत होता. मी ती ठेवून घेतलीच.

पुढचे काही दिवस एक सिस्टर हाताने श्वासाचा फुगा दाबत बाजूने चालायची, मामा मागून खुर्ची घेऊन यायचे, आणि मी निशाला धरून पाऊल टाकायचे. आधी पलंगाच्या टोकापर्यंत, मग दारापर्यंत. शेजारच्या पेशंटचे नातेवाईक तोंडात बोट घालून बघायचे. बघू दे. मला त्या खाटेपासून लांब जायचं होतं.

नळी निघाली तेव्हा घसा फाटल्यासारखा झाला होता. जाऊ समोर होती. मी पहिलं वाक्य तिलाच बोलले.

"खाट टाकू नको."

अंगात बळ आल्यावर तेच हिरवं लुगडं नेसून मी गावाला गेले. मालक म्हणाले, रिक्षा करू. मी नको म्हटलं. फाट्यापासून घरापर्यंत चालले, वाटेत दोनदा बसले. सासू ओट्यावर होती, नजर कमी झालेली.

"चालत आली का?"

"चालत आले."

"मंग चहा ठेव."

चार दिवस राहिले आणि नाशिकला परतले. डबे वाट बघत होते.

आता सत्तरी ओलांडली. पोरं विचारतात, आई, तुझं घर कोणतं, गावचं की इथलं? मी सांगून ठेवलंय. माझी वेळ येईल तेव्हा मला एकलहऱ्याच्या या घरातल्या भुईवर घ्या. जिथे शेवटी खाली घ्यायचं, ते घर. गावचा ओटा माझाच आहे, पण तिथे मी चालत जाईन आणि चालत परत येईन.

लुगडं वापरून वापरून विटलं. गेल्या दिवाळीला नानाला म्हटलं, पुढच्या खेपेला नवीन आण. आणि आधी मला फोन कर. मी उचलला, तर घाई करू नको.