टाकलेली नाही, सोडलंय

परवा बीडला कोर्टासमोर रिक्षा अडकली आणि नव्वदच्या दशकातली ती सुनावणी एकदम आठवली. खरं सांगते, अजूनही राग येतो...

तेव्हा कॅसेटचा जमाना होता आणि आपल्या जिल्ह्यात मी चांगलीच गाजत होते. माझ्या ओव्या जीपमध्ये, टपरीवर, पिठाच्या गिरणीत वाजायच्या. कॅसेटवरच्या फोटोत इतकी पावडर फासली होती की आईनंसुद्धा ओळखलं नाही.

मग एका साप्ताहिकानं मला न विचारता माझी 'जीवनकथा' सुरू केली. पहिल्याच भागाचा मथळा होता, 'नवऱ्यानं टाकलेली कोकिळा'. पुढच्या भागात माझ्या संसाराची सगळी लक्तरं येणार होती... मी सरळ कोर्टात गेले.

संपादकाचे वकील म्हणाले, बाई प्रसिद्ध आहेत, भिंतीभिंतीवर पोस्टर आहेत, मग लोकांना कळायला हवं आणि पेपरला छापायचं स्वातंत्र्य हवं. माझे वकील म्हणाले, गाण्यावर हवं ते लिहा, घरात शिरू नका. मला मात्र त्यांनी आधीच बजावलं होतं, अब्रूचा प्रश्न आहे, मान खाली घालून उभ्या राहा.

न्यायाधीशांनी आमचं ऐकलं. गाण्यावर खुशाल टीका करा, पण बाईंच्या परवानगीशिवाय संसाराबद्दल पुढे काही छापायचं नाही, असं ते म्हणाले. आमचे वकील खुशीत कागद आवरायला लागले...

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळं इथंच थांबलं तर माझ्याबद्दल छापलेला शेवटचा शब्द 'टाकलेली' हाच राहणार होता. मी मान वर केली.

"साहेब, मला कुणी टाकलं न्हाई. मी सोडलंय त्याला. बाकी काई छापू नका, पण एवढं छापायला लावा."

वकिलांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी मात्र दुरुस्ती छापायला सांगितली. ती आली शेवटच्या पानावर, एसटीडी बूथच्या जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरात... 'गायिकेने नवऱ्यास स्वतः सोडले आहे.'

पुढे शिरूर कासारला कार्यक्रम होता. ऊसतोडीला निघायच्या आधीचे दिवस, बायांची ही गर्दी. कार्यक्रम संपल्यावर एक बाई स्टेजजवळ आली, मला वाटलं एखादी ओवी म्हणायला सांगेल.

ती हळूच म्हणाली, "ताई, पोरीनं वाचून दाखवलं. मी बी सोडलंय."

त्यानंतर माझ्या तोंडावर 'टाकलेली' म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. तिच्या तोंडावरही कुणाची होऊ नये, म्हणून आज हे लिहिलं.