आधी माळा, मग बाग, शेवटी किल्ली

नेदरलँड्समध्ये, फोरबर्गला आमच्या शेजारच्या घरात एक म्हातारे गृहस्थ राहायचे. मूळचे न्यू गिनीचे. डच राज्यकर्ते तिथून निघायची तयारी करत होते तेव्हा हे ऐन विशीत. कारभार टप्प्याटप्प्यानं स्थानिकांच्या हाती द्यायचा ठरलं होतं आणि त्यासाठी तरुणांना शिकवून तयार करत होते. यांच्याकडे पोस्टखातं येणार होतं. साहेबाच्या खुर्चीत बसून ते सरावही करायचे. मग दूर कुठेतरी इतरांचीच बोलणी झाली आणि सगळा मुलूख इंडोनेशियाकडे गेला. यांना ते रेडिओवर कळलं.

मागच्या हिवाळ्यात ते जिन्यात पडले. इथली पद्धत अशी की म्हाताऱ्या माणसाचं पुढं काय करायचं, हे खेमेंटे, म्हणजे नगरपालिका, त्याच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ठरवते. सोबतीला आपलं एक माणूस ठेवता येतं. त्यांनी मला बोलावलं.

"तुमच्याकडून इंग्रज गेले ना? मग बोलणी कशी करायची ते तुम्हाला ठाऊक असणार."

आता काय सांगणार, कपाळ! माझं सगळं ज्ञान पुण्यातल्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकापुरतं. पण त्यांचा आराखडा तयार होता, थेट त्या जुन्या शिकवणीतला. घरही टप्प्याटप्प्यानं द्यायचं. आधी माळा सोडायचा. मग वरची खोली, मग बाग. किल्ली सगळ्यात शेवटी, तीही त्यांनी स्वतः सांगितल्यावर. मला हसू आलं, पण मी येते म्हटलं.

बैठकीला ते टाय लावून बसले. कॉफी त्यांनीच केली. प्रत्येकाला एकेक बिस्कीट दिलं आणि इथल्या रिवाजाप्रमाणे डबा बंद केला.

"आज आम्ही फक्त तुमचं ऐकायला आलोय," नगरपालिकेच्या बाई म्हणाल्या.

गृहस्थांनी माळ्यापासून सुरुवात केली. बाई मान डोलवत राहिल्या. गृहस्थांची मुलगीही बैठकीला आली होती, ती कपात बघत होती.

"फार छान मांडलंत," बाई म्हणाल्या. "पण वृद्धाश्रमात सोमवारी खोली मोकळी होतेय. तुमच्या मुलीशी फोनवर तसं ठरलंय."

माझं डोकंच फिरलं. सगळं ठरलंय तर ऐकायचं नाटक कशाला? मी तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगी रडायला लागली.

"मी इतक्या लांब, ग्रोनिंगनला असते. बाबा पुन्हा पडले तर मला कळणारही नाही."

ते खरंच होतं. मीही दिवसभर ऑफिसात असायची.

"आणि किल्ली?" गृहस्थांनी विचारलं.

"सोमवारी द्या ना, सावकाश," बाई प्रेमानं म्हणाल्या.

बाईंना सोडायला मुलगी बाहेर गेली. मी कप विसळायला घेतले. ते टायची गाठ सोडत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"तेव्हा मला रेडिओवर कळलं होतं," ते म्हणाले. "या वेळी निदान त्यांना कॉफी तरी मी पाजली."