काळे करून दिलेले दोन टायर

रस्त्याकडेच्या दुकानाबाहेर जुने टायर काळे चकचकीत करून मांडलेले दिसले, की ती घटना मला आजही आठवते. रिक्षात असले तर मी मान दुसरीकडे वळवते. पण मान वळवून आठवण थोडीच वळते!

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते. दहावी झाल्यावर मी शिपाई म्हणून भरती झाले. कायद्याचं कॉलेज काही पाहिलं नाही. पंचनामा कसा लिहायचा, जबाब कसा घ्यायचा, हे जुन्या हवालदारांच्या मागे उभं राहून शिकले आणि उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले. ही केस नोकरीच्या शेवटच्या काळातली. तेव्हा मी हडपसरच्या बाजूच्या एका ठाण्यात होते. नावं कुणाचीच सांगणार नाही. ज्यांचं गेलं त्यांनी पुरेसं सोसलंय.

सकाळची वेळ होती. सोलापूर रस्त्यावर, मांजरी फाट्याच्या पुढे अपघात झाल्याची खबर आली. एक छोटी जुनी मोटार कडेला उभ्या असलेल्या ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यात घुसली होती. पुढचा डावा टायर फाटून चिंध्या झाला होता. गाडी नवरा चालवत होता, त्याला साधं खरचटलंही नव्हतं. बायको डाव्या बाजूला बसलेली. ती जागेवरच गेली.

नवरा एका खाजगी कंपनीत कारकून. गाडी सेकंड हँड घेतलेली, तीही ओढाताण करूनच. दोघं उरुळी कांचनला बायकोच्या आईला आणायला निघाले होते. म्हातारीच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात ठरलं होतं. एसटीत धक्के नकोत, आपली गाडी आहे, म्हणून लेक स्वतः निघाली होती.

शवविच्छेदन होईपर्यंत मयत बाईचा भाऊ ठाण्यात आला. फिर्याद त्यानेच दिली.

"मॅडम, डावी बाजूच कशी ठोकली? ह्याला एक ओरखडा नाय! मुद्दाम केलंय ह्यानं. लिवा तसं."

"मुद्दाम केलं याला तुमच्याकडे पुरावा काय?"

"माझी बहीण मेली, ह्यो जित्ता हाय, आणखी काय पुरावा पायजे?"

दुःखातला माणूस असंच बोलतो. त्याच्याशी वाद घालायचा नसतो. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत म्हणून नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला. तपास माझ्याकडे आला.

मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्याचा जबाब घेतला. तो म्हणाला, "मॅडम, गाडीचा वेग कमी होत होता. डावा इंडिकेटर चालू होता, मी म्हटलं, वळणार दिसतोय. तेवढ्यात टायर फुटला आणि गाडी ओढली गेली." मी पुन्हा जागेवर जाऊन आले. तिथे डावीकडे वळायला रस्ताच नव्हता. मग इंडिकेटर कशाला? हे माझ्या डोक्यात राहिलं.

नवऱ्याला विचारायला बसवलं. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "मॅडम, चूक माझी. टायर जुने होते. मीच घेतले. मला माहीत होतं."

इतक्या वर्षांत मी एक पाहिलंय. ज्याने केलेलं असतं तो आधी पाणी मागतो, वकील मागतो, घड्याळ बघतो. पहिल्याच वाक्यात सगळं अंगावर घेणारा माणूस बहुतेक वेळा कुणाच्या तरी पुढे आडवा उभा असतो. आणि पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही हेही आहेच. मी फक्त विचारलं,

"किती टायर घेतलेत?"

"चार."

"कुठून?"

"स्वारगेटजवळून. एक दुकान आहे."

गुन्हा जामीनपात्र होता. जामीन देऊन त्याला घरी पाठवलं.

दोन दिवसांनी आरटीओचे निरीक्षक गाडी तपासायला आले. ठाण्याच्या आवारात गाडी उभी होती. त्यांनी फाटलेला टायर उलटा करून दाखवला. बाजूच्या भिंतीला जुना काप होता. आतून रबराचा तुकडा चिकटवून तो बुजवलेला, बाहेरून काळं फासलेलं. वर घासून गुळगुळीत झालेल्या रबरावर पुन्हा खाचा पाडलेल्या. निरीक्षक म्हणाले, "तळव्याला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाला, खिळ्याचं पंक्चर असेल तर काढून चालवता येतं. बाजूला काप असलेला टायर मात्र भंगारातच जायला हवा. हवा भरली की सगळा जोर बाजूवर येतो." आणि मी बघितलं, तर असे काळे केलेले टायर फक्त पुढचे दोनच होते. मागचे दोन गाडीसोबत आलेले, धुळीने पांढरे पडलेले. नवरा तर चार म्हणाला होता.

त्याला बोलावलं आणि सरळ स्वारगेटला घेऊन गेले. "दुकान दाखवा." तो रस्त्याने पुढे चालला, पुन्हा मागे आला, शेवटी एका दुकानापुढे थांबला. "हेच."

दुकानदार नाकावर चष्मा चढवत बाहेर आला. "काय पाहिजे?"

"मोटारीचे जुने टायर तुम्ही विकता?"

"बाई, पाटी वाचता येते ना? दुचाकीचे टायर, असं लिहिलंय. मोटारीचे ठेवायचे तर मला झोपायला दुकानाबाहेर जागा शोधावी लागेल."

एरवी मला हसू आलं असतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मी म्हटलं, "का खोटं बोलताय हो?" तो म्हणाला, "मॅडम, मी घेतले असंच लिहा ना. कुणाचं काय बिघडतंय?"

त्याच आठवड्यात ठाण्याच्या फोनवर एका बाईचा फोन आला. ठाणे अंमलदाराने मला दिला. आवाज म्हातारा, दबका.

"त्या मोटारीचे टायर त्यानं न्हाई घेतले. हडपसरात, गाडीतळाच्या म्होरं जुन्या टायरांचं दुकान हाय. तिथं इचारा."

"आपण कोण?"

"कुणी का असंना." फोन बंद.

मी दोन शिपाई घेऊन निघाले. दुकान सापडायला वेळ लागला नाही. मालक पन्नाशीचा, बोलका. आधी म्हणाला, लक्षात नाही. मयत बाईचा फोटो समोर ठेवला तेव्हा त्याची नजर फोटोवरून लगेच हटली. अशी नजर हटली की समजायचं, लक्षात आहे. ठाण्यात आणून बसवलं, चहा दिला. मी कधी कुणावर हात उगारला नाही. चहा समोर ठेवून गप्प बसायचं, माणूस स्वतःच बोलतो.

"बाई एकट्या आल्या होत्या," तो म्हणाला. "गाडी घेऊन. मिस्टर कामावर आहेत, त्यांना कळायच्या आत बसवून द्या म्हणाल्या. नवे परवडत नाहीत, पण नव्यासारखे दिसले पाहिजेत."

"का?"

"नवरा म्हणत होता, नवे टायर येईपर्यंत गाडी बाहेरगावी काढायची नाही. आणि ह्यांना आईला आणायला जायचं होतं. मी म्हटलं, ताई, पोटातलं पाणी हलणार नाही इतके गुळगुळीत चालतील. आणि काळे करून दिले."

"बाजूला काप होता, आतून तुकडा लावलेला होता, हे सांगितलं?"

त्याने कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मॅडम, ते सांगितलं असतं तर त्यांनी घेतले असते का?"

बस. मला हवं होतं ते मिळालं होतं. लगेच वर म्हणाला, "रोज माणसं येतात, नवे परवडत नाहीत म्हणतात. मी नाही दिले तर शेजारचा देईल." मी म्हटलं, "शेजारच्याला पण बोलावते हं, घाबरू नका."

पण मनातून मी हरखले नव्हते. कारण आता सगळं वेगळंच दिसायला लागलं होतं.

नवऱ्याच्या घरी गेले. दोन खोल्या, दारात तिच्या चपला तशाच. त्याला म्हटलं, "गाडीतळाचं दुकान सापडलं. आता तरी सांगा." तेव्हा तो बोलला.

"चारही टायर नवे बसवलेत असं तिने सांगितलं होतं, मी वाकून पाहिलंही नाही. फाटा ओलांडला आणि ती हसत म्हणाली, एक सांगू, रागावायचं नाही. टायर नवे नाहीत. मी म्हटलं, वेडी आहेस का? मी ओरडलो तिच्यावर. आपण गाडी कडेला लावू, इथून एसटीने जाऊ, म्हणून इंडिकेटर दिला. ती म्हणाली, अहो, आता आलोच की. आणि तेवढ्यात..." तो थांबला. मग हात जोडून म्हणाला, "मॅडम, तिच्या आईला हे कळू देऊ नका. आपल्याला आणायला येताना, आपल्यासाठी हिने हे केलं, हे कळलं तर ती बाई एक दिवस जगणार नाही. माझ्या नावाने बोटं मोडते आहे ना, मोडू दे. शिक्षा झाली तर भोगेन."

घरातली बाई गेलेला माणूस स्वतःला शिक्षा मागत होता, आणि कशासाठी, तर सासूचं मन राहावं म्हणून.

आता अडचण ऐका. दुकानदार माझ्यासमोर जे बोलला ते कोर्टात टिकणार नव्हतं. बाईने टायर कुठून घेतले, काय समजून घेतले, हे सांगणारं दुसरं माणूस हवं होतं. नाहीतर फिर्यादीत नवऱ्याचं नाव होतं आणि तो स्वतः कबूल करत सुटला होता. तो फोन कुणाचा, हे मी शोधलं. नंबर निघाला उरुळीतल्या एका किराणा दुकानाचा. मयत बाईच्या आईच्या घराशेजारचं दुकान.

बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, आपण त्यांच्या घरी जायचं. मी गेले. म्हातारी बाजेवर बसली होती. दोन्ही डोळ्यांनी तिला अंधुकच दिसत होतं.

"मावशी, फोन तुम्ही केला होता ना?"

ती दाराकडे कानोसा घेत म्हणाली, "व्हय. म्याच."

"मग नाव का नाही सांगितलंत?"

"नाव सांगितलं तर माज्या पोराला कळंल. आन् जावयाला बी. लेकीनं मला फोनवर सांगितलं हुतं. म्हनली, आई, गाडीतळाच्या म्होरं जुने टायर बसवलेत, दुकानवाला म्हनतो निस्तं घासलेत, आतून बाहेरून चांगले हायेत. ह्यांना सांगू नगंस. म्या म्हनलं, ये मग लवकर, मला दिसंना गं." तिने पदर तोंडाला लावला. "म्याच घाई केली बाई. जावयाला कळलं तर त्यो म्हनंल, हिच्यापायी माजी बायकू गेली. म्हनून मी गप."

सासू-जावई दोघंही एकाच गोष्टीवर झाकण धरून बसली होती, आणि एकमेकांना वाचवत होती. मी तिला समजावून सांगितलं, की तुम्ही बोलला नाहीत तर जावई अडकेल. बोललात तर पुढे कोर्टात उभं राहावं लागेल, मुलासमोर.

तिने बाजेची दोरी चाचपली. "म्हंजी मी गप ऱ्हायले तर त्यो आत जानार?"

"जाऊ शकतो."

"मग लिवा."

मी जबाब लिहून तिला वाचून दाखवत होते तेव्हाच मुलगा घरी आला. दारात उभा राहून त्याने सगळं ऐकलं. "आई, तुला म्हायती हुतं? आन् मी खोटी फिर्याद दिली?"

मी म्हटलं, "खोटी नाही हो, चुकीची. दुःखात चूक होते माणसाच्या हातून."

तो मोटारसायकल काढून निघून गेला. म्हातारी म्हणाली, "पुढं वाचा बाई, ऱ्हायलं असंल."

परतल्यावर नवऱ्याला ठाण्यात बोलावून सांगितलं. "तुमच्या सासूबाईंना पहिल्यापासून माहीत आहे." तो ठाण्याच्या बाकावर बसला. एवढंच म्हणाला, "म्हणजे त्या पण हे एकट्याच..." आणि वाक्य तसंच राहिलं.

आरोपपत्रातून नवऱ्याचं नाव मी वगळलं, पुराव्याअभावी म्हणून रीतसर अहवाल देऊन. दुकानदारावर आरोपपत्र गेलं. पण कोर्ट आहे, तारखा आहेत. म्हातारीची साक्ष व्हायच्या आधीच ती गेली. ऑपरेशन तिने करून घेतलंच नाही. "आता काय बघायचं ऱ्हायलंय," असं म्हणायची म्हणे. मुख्य साक्षीदारच नाही म्हटल्यावर दुकानदार सुटला. दुकान अजून आहे. मी निवृत्त झाले.

म्हातारी गेल्याचं जावयानेच मला कळवलं. मी अंत्यविधीला गेले. तो आला होता, पण गर्दीच्या कडेला, अंगणाच्या बाहेर उभा. तिरडी उचलली. पुढच्या खांद्याला मुलगा होता. चार पावलं गेल्यावर तो थांबला, मागे वळून मेहुण्याकडे पाहिलं आणि आपला खांदा काढून बाजूला झाला. जावई पुढे आला, वाकला आणि त्याने त्या जागी खांदा दिला. त्या दिवसापर्यंत ते दोघं बोलत नव्हते. त्यानंतर बोलायला लागले की नाही, मला ठाऊक नाही. विचारलं नाही.

आता लोक मला विचारतात, ताई, हात आखडता आहे, जुने टायर घ्यावेत का? मी सरळ सांगते. चार जुने घेण्यापेक्षा दोन नवे घ्या, दोन थांबून घ्या. तेही जमत नसेल तर जुना टायर हातात घेऊन आतून बघा, बाजूच्या भिंतीवरून बोट फिरवा. जिथे तुकडा लावलाय तो दुकानातच ठेवून या. काळेपणावर जाऊ नका. आणि हे सगळं जमलं तरी आणखी एक करा. टायर जुने आहेत हे घरात सांगा, गाडी चालवणाऱ्याला सांगा. तो ओरडेल, भांडेल, चार दिवस जेवणार नाही. ओरडू दे. पैसे कमी असणं काही गुन्हा नाही. त्या बाईवर तिच्या नवऱ्याने निघायच्या आधी घरी ओरडायला हवं होतं. तो ओरडला फाटा ओलांडल्यावर.