निवड व्हायच्या आधीच चौकात लागलेला माझा बॅनर

मंडळी, सकाळी दळण टाकायला गेले, तर आमच्या मुरुम गावच्या चौकात बॅनरवर मीच. माझा बारावीचा फोटो, शेजारी हात जोडलेले काका, खाली भावकीतल्या सगळ्यांचे चेहरे. वर ताणून जाड केलेल्या अक्षरांत, 'पुण्याच्या कंपनीत डिझायनर म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

निवड झालेलीच नाही. मी डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. कंपनीनं फक्त पोर्टफोलिओ, म्हणजे आजवरच्या कामाचे नमुने मागवलेत. ते नीट करायला सुट्टीत घरी आलेय. काकांना एवढंच सांगितलं होतं.

घरी येऊन म्हणलं, "काका, तो बॅनर उतरवा. अजून काहीच झालं न्हाय."

"मागवलंय म्हणजे घेणारच की. आता उतरवला तर लोक काय म्हणतील? तू लई विचार करू नको, तुझं काम कर."

करतेय. पण दिवसभर माणसं पेढे मागायला येतायत आणि आई हसून चहा टाकतेय. दुपारी शाळेतल्या बाई आल्या. मुलींना यशाबद्दल दोन शब्द सांग म्हणाल्या. मला खरं सांगायचं होतं. आई माझ्याकडं बघत होती. मी हो म्हणाले.

पोर्टफोलिओचं पहिलं पान अजून कोरंच आहे.

आणि दळण अजून गिरणीतच आहे. चौकातून न जाता गिरणीवर पोचायचा रस्ता कुणाला ठाऊक असेल, तर सांगा.