मिलिंद्या फौजेत गेला, मी नाही

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिग्रसला न्हाव्याच्या खुर्चीत होतो. डावा गाल झाला होता, उजव्याला साबण लागलेला. फोन त्याच्या मेहुण्याचा. "सर, कॅप्टनसाहेब गेले. सकाळी छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत..." मी तसाच उठलो आणि अर्ध्या दाढीनिशी अंत्ययात्रेला उभा राहिलो. लोक हळहळले, बघा, सरांना किती धक्का बसला. धक्का बसलाच होता, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या पलटणीतले, आता निवृत्त होऊन पुसदला राहणारे दोन जवान आले, ताठ उभे राहिले आणि त्यांनी सलाम ठोकला. आणि बालपणापासूनच्या मित्राच्या चितेसमोर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मी मेल्यावर मला सलाम कोण करणार? दुसरा विचार पोट आत घेण्याचा होता.

खरं तर हेवा त्यानं माझा करायला हवा होता. आम्ही एका बाकावरचे. मी एम.ए. होऊन इथल्याच कॉलेजात इतिहासाचा कायम प्राध्यापक झालो; तो बी.एस्सी. होऊन जिनिंगमध्ये ग्रेडर. कापसाची चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची आणि धागा किती लांब निघेल ते सांगायचं, हे त्याचं काम. पुढं कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव पडले, खरेदी केंद्रं कधी उघडत, कधी नाही, सहा महिने चालणारी जिनिंग दोन महिन्यांत थंड व्हायची. अशाच एका रिकाम्या दुपारी त्यानं वर्तमानपत्रातली जाहिरात माझ्यासमोर ठेवली. प्रादेशिक सेनेत अधिकारी पाहिजेत. म्हणजे आपला कामधंदा सांभाळायचा आणि वर्षातले काही आठवडे वर्दी घालून फौजेत जायचं, देशाला गरज पडली तर पूर्णवेळ.

"अबे, पस्तिशी झाली तुयी," मी म्हणालो. "फौजेनं का बालवाडी उघडली काय?"

"बेचाळीसपर्यंत घेतात. सात वर्सं हायेत मायाजवळ. सात डाव फॉर्म भरता येते."

यात एक गोम होती. ही सेना बेकार माणसाला घेत नाही. आधी पोटापाण्याचा उद्योग हवा, मग वर्दी. पहिल्या वर्षी त्यानं जिनिंगच्या शिक्क्याचा दाखला जोडला, पण पुण्याला मुलाखतीचं बोलावणं येईपर्यंत जिनिंगला कुलूप लागलं होतं. आणि या हरिश्चंद्रानं साहेबांपुढं ते सांगून टाकलं!

"काहून सांगतलं बे?"

"विचारलं त्यायनं."

दुसऱ्या वर्षी हार्डवेअरच्या दुकानाचा शिक्का होता. त्या खेपेला इंग्रजीनं दगा दिला. तिसऱ्या वर्षी एका तेलघाणीचा. तीही मुलाखतीआधीच बसली. चौथ्या वर्षी पुसदच्या एका शाळेत त्याला गणित शिकवायची नोकरी मिळाली. त्याच्या अर्जांवरचे शिक्के ओळीनं लावले असते तर आमच्या तालुक्यात कोणत्या साली काय बंद पडलं याचा इतिहास तयार झाला असता, आणि इतिहासाचा प्राध्यापक असून तो मला लिहिता आला नसता. मी फक्त चिडवायचो. "काय कर्नलसाहेब, यंदा कोन्या दुकानाकडून लढून राह्यले?" तो हसायचा आणि पहाटे दारव्हा रोडवर धावायला जायचा.

ते धावणंच मला नडलं. आमच्या घरासमोरून तो जायचा आणि आमची ही दारात सडा टाकता टाकता म्हणायची, "मिलिंदभाऊजी पाहा, अन् तुम्ही पाहा." एक दिवस ऐकलं, दोन दिवस ऐकलं, तिसऱ्या दिवशी मीही फॉर्म मागवला. देशप्रेम वगैरे काही नाही, निव्वळ जळफळाट. धावायला मीही निघालो. पहिल्या चहाच्या टपरीपर्यंत माझा वेग उत्तम असायचा. पण जीभ ही माझी जुनी पलटण. पहिल्याच वर्षी मुलाखतीत पास! मिलिंद तेव्हा चौथ्यांदा देत होता आणि तोही पास झाला. पेढे घेऊन तो आधी माझ्याच घरी आला. माझ्या पास होण्याचे पेढे घेऊन.

निवडीसाठी आम्ही दोघं भोपाळला गेलो. पाच दिवस. सगळे तिशी-चाळिशीतले उमेदवार, कोणी वकील, कोणी बँकेतला, प्रत्येकाच्या छातीवर नंबराचं जाकीट. माझा सात, त्याचा अकरा. तिथं एक परीक्षा अशी असते, की एकेकाला पुढारी करतात आणि त्यानं आपल्या गटातून दोन मदतनीस निवडायचे. फळी, दोर, पिंप वापरून लाल रंगाच्या जमिनीला पाय न लावता पलीकडं जायचं. कोण कोणाला निवडतो ते मी मोजत बसलो. अकरा नंबरला आठांपैकी सहांनी हाक मारली. सात नंबरला एकानं... अकरा नंबरनं.

त्याची पुढारी व्हायची पाळी आली तेव्हा फळीचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं पिंपावर. मिलिंद मधोमध पोचला. बाजूला अधिकारी वहीत काहीतरी लिहीत होते आणि ते चांगलंच लिहीत असणार हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला एकदम आमचं दार दिसलं, सडा दिसला, आणि त्याच्या खांद्यावरचे तारे बघत उरलेलं आयुष्य काढायचं आहे हे दिसलं. माझी बोटं ढिली झाली. लोकांना मी आजवर सांगत आलो की हाताला घाम आला होता. ऑक्टोबरची कोवळी सकाळ होती, घाम कुठला. मी सोडली.

तो लाल जमिनीवर पडला, उठला, गुडघा झटकला आणि एवढंच म्हणाला, "पुन्हा धर. चाल." दुसऱ्यांदा मी ती फळी अशी धरली की हाताला वळ उठले, पण वेळ संपली. त्या खेपेला दोघांनाही परत पाठवलं. कारण तिथं सांगत नाहीत. फळीमुळं गेला असेल, नसेलही. हे मला कधीच कळणार नाही, आणि माझी शिक्षा म्हणाल तर एवढीच. गाडीत त्यानं डबा उघडला, अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली आणि पुढच्या वर्षीचा फॉर्म कधी निघेल त्याचा हिशेब करू लागला. "तू बी भरजो," म्हणाला. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं... शिवीला माझ्याकडं उत्तर होतं.

मी पुन्हा भरला नाही. त्यानं भरला, दोनदा. बेचाळिशी आठ महिन्यांवर आली असताना तो निवडला गेला. तेव्हापासून दरवर्षी दोनेक महिने तो जायचा, काळवंडून परत यायचा, एसटीचा कंडक्टर त्याच्यासाठी पुढची जागा धरून ठेवायचा. तीस वर्षं त्याच एसटीत मी उभ्यानं गेलो आहे.

परवा, तो गेल्याला तीन आठवडे झाल्यावर, त्याच्या घरी रंजनावहिनींना भेटायला गेलो. त्या चहा ठेवायला आत गेल्या. खोलीत त्याची वर्दी हँगरला होती, इस्त्री केलेली, आणि खुंटीवर टोपी. फौजी, मऊ लोकरीची. मी दाराकडं पाहिलं. टोपी काढली आणि आरशासमोर डोक्यावर ठेवली. इडलीपात्राचं झाकण ठेवावं तशी ती बसली. तेवढ्यात आरशात मागं वहिनी दिसल्या, हातात दोन कप.

मी काढायला गेलो. "राहू द्या भाऊजी," त्या म्हणाल्या. "उजव्या कानावर ओढा थोडी. ह्यायनं मले कवाचं सांगून ठेवलं व्हतं, तो एखांद्या दिवशी घालून पाहीन. तवा हासू नोको म्हने."

वहिनी हसल्या नाहीत. मी टोपी उजव्या कानावर ओढली आणि तशीच ठेवून चहा प्यालो.