खालाकडचे गुलाबजाम

तेरहून सकाळची गाडी पकडली. तेरणा नदी मागं पडली, दोन्ही बाजूंना पिवळं पडत आलेलं सोयाबीन. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे प्रकल्पाचा धाक मोठा. एचआयव्हीचे मोफत उपचार चालवायला सरकारला काय खर्च येतो, हे मला धाराशिवच्या दवाखान्यात विचारायचं होतं.

तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं: औषधं, तपासण्या, पगार. मी लिहून घेतलं आणि बाहेर बाकावर टेकले. शेजारच्या बाईंना मीही रुग्णच वाटले.

"कुठली गं पोरी?"

"तेरची."

"बरं. उमरग्याची न्हाईस." त्यांनी सुस्कारा सोडला. त्या उमरग्याच्या शमीमभाभी. गावाजवळ कुणी ओळखेल म्हणून दर महिन्याला इतक्या लांब यायच्या. मी प्रकल्पाचं सांगितलं तेव्हा दचकल्या, मग म्हणाल्या, "नाव लिवू नगंस, बास."

औषधांच्या खिडकीतून त्यांना या वेळी महिन्याऐवजी दहाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. "वरूनच कमी आल्यात ताई, सगळ्यांना पुरवायच्यात," आतून आवाज आला.

भाभी तिथंच उभ्या राहिल्या.

बसस्थानकावर त्यांनी गोळ्या ओव्याच्या डबीत ओतल्या, वाजू नयेत म्हणून वर कापूस दाबला आणि गुलाबजाम घेतले. मला नवल वाटलं.

"नवरा गेल्यापास्नं दिराच्या घरात ऱ्हाते. घरी सांगते, धाराशिवात खालाला (मावशीला) भेटाया चालले. इथं खाला-बिला कुणी न्हाय. खालानं दिले म्हणून गुलाबजाम नेले की इस्वास बसतो." त्या कसनुसं हसल्या. "औषध फुकट हाय, गुलाबजाम न्हाईत. पर दहा दिसाला (दिवसांनी) खालाकडं कोण जातं? घरात कळलं तर पोरांसकट बाहेर काढतील."

डबी पिशवीत टाकत त्या म्हणाल्या, "तुजा नंबर दे. खालाची शेजारीण हो. घरून फोन आला तर म्हण, खाला आजारी हाय."

रात्री घरी जेवताना फोन वाजला.

"शमीमचा दीर बोलतो. खालाला काय झालं?"

"ताप आहे. दहा दिवसांनी भाभींना पुन्हा पाठवा."

"अन् तापात गुलाबजाम केले व्हय तिनं?"

मी हातातला घास ताटात ठेवला. "ते... मी दिले. शेजारून."

तो म्हणाला, "असं व्हय. पुढच्या खेपंला जास्त द्या, पोरं भांडली."

फोन ठेवून मी प्रकल्पाची वही उघडली. खर्चाचं सगळं मी विचारून आले होते. दहा दिवसांनी खालाला काय झालं म्हणायचं, हे मात्र कुणाला विचारू?