विमानवाल्या आप्पांचा सायलेन्सर

इंदिरानगरात आवाज करण्याआधी दारात येऊन परवानगी मागणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माणूस घरामागच्या अंगणात विमान बांधत होता. आप्पा पायरीशी चपला काढायचे, उगाच खोकायचे आणि खाटेवर पडलेल्या माझ्या वडिलांना विचारायचे, "सर, दोन मिनिटं इंजिन लावू का?" नाना "लावा" म्हणाले तरी हलायचे नाहीत. "नाही म्हणालात तरी चालेल हं," एवढं बोलून मगच पाठ वळवायचे.

ही रीत माझ्या आरडाओरड्यातून पडली होती. नाना नांदगावला शाळामास्तर होते. छातीचं दुखणं झालं तेव्हा मी त्यांना माझ्याकडे आणलं. ते दचकतील असं काही घडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याच आठवड्यात शेजारी आप्पांनी इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. सायलेन्सरशिवाय! खिडकीच्या काचा थरथरल्या आणि नाना छाती धरून उठून बसले. मी तशीच कुंपणापाशी धावले. "आप्पा, तुमच्या खेळण्यापायी माझे वडील जातील एक दिवस!" आप्पांनी इंजिन बंद केलं. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. दुसऱ्या दिवशी ते आले आणि नानांसमोर उभे राहून म्हणाले, "सर, तुम्ही पास केल्याशिवाय हे विमान अंगणाबाहेर जाणार नाही."

ओझरला विमानाच्या कारखान्यात, स्टोअर्समध्ये त्यांचं आयुष्य गेलं होतं. विमानाचा सुटा भाग नि भाग हातून गेला, पण विमानात बसायचा योग काही आला नाही. निवृत्त झाल्यावर स्वतःच बांधायला घेतलं. इंजिन होतं मुंबईच्या भंगारातल्या एका परदेशी मोटारीचं, रोटरी जातीचं. "याला पिस्टन नाही," ते कौतुकाने सांगायचे. "डब्यात समोसा फिरतो. बस्स!" समोसा, म्हणजे आतला तिकोनी तुकडा, फिरायचा झकास, पण या इंजिनाला झडपाही नसतात. जळता धूर एकदम बाहेर पडतो, कानठळ्या बसवतो आणि इतका तापलेला असतो की मोटारीचा साधा सायलेन्सर आतून जळून त्याची चाळण होते. आप्पांनी असे किती जाळले, देव जाणे.

मग त्यांनी बोहारणीला धरलं. जुन्या कपड्यांवर ती जी नवी-जुनी स्टीलची भांडी द्यायची, ती आप्पा कानाशी धरून टिचकी मारून बघायचे. त्यांची बायको, आमच्या काकू, माझ्याकडे येऊन कपाळाला हात लावायच्या. "अगं, माझी चांगली जरीची साडी देऊन घागर घेतली यांनी. आणि पाणी भरायला मागितली तर म्हणतात, ती विमानाची आहे!" ती घागर आणि एक डबा तोंडाला तोंड जोडून आप्पांनी सायलेन्सर केला. परवानगी घेऊन इंजिन सुरू केलं. क्षणभर बरं वाटलं. मग पातळ पत्रा लालभडक झाला, फुगला आणि घागरीचं बूड उडून आमच्या दोरीवरच्या धुण्यात येऊन पडलं. थंड झाल्यावर मी ते आत नेलं. त्यावर कुणा अनोळखी नवरीचं नाव कोरलेलं होतं. नानांनी चष्मा लावून खणखणीत वाचलं, "चि. सौ. कां. शालिनी हिच्या विवाहाप्रीत्यर्थ, मामाकडून." आणि हसायला लागले. आजारपणात नाना हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. आप्पा मात्र दारात अपराध्यासारखे उभे. "नापास," नाना म्हणाले, "पण पुन्हा बसा परीक्षेला."

तेव्हापासून नाना आप्पांची वाट पाहायला लागले. सांगून केलेल्या आवाजाला माणूस दचकत नाही, असं त्यांचं म्हणणं. आप्पा आले नाहीत तर जेवताना मला विचारायचे, "आज आला नाय का गं तो?"

शेवटी निफाडकडच्या साखर कारखान्याच्या भंगारात आप्पांना जाड स्टीलचा पाइप मिळाला. त्यात भोकांची दुसरी नळी, वरून एक कवच, दोन्हींच्या मधून वारा जायला वाट. त्या दिवशी ते विचारून गेले आणि बऱ्याच वेळाने घामाघूम होऊन परत आले. "सर, कसा वाटला आवाज?"

"कुठला आवाज?" नाना म्हणाले. "मी तर तुमचीच वाट बघतोय. लावा की!"

आप्पा मटकन खाली बसले आणि नानांच्या पायावर हात ठेवून लहान मुलासारखे रडले.

पण त्या सायलेन्सरचं वजन गॅसच्या रिकाम्या सिलिंडरइतकं होतं. ट्रकवर घालून विमान मोकळ्या माळावर नेलं, तेव्हा ते नुसतं धावलं. चाकं काही जमीन सोडेनात. सोबतचे सगळे म्हणाले, ते धूड काढा, आत्ता उडेल. आप्पांनी विमान परत आणलं. ते पुढेही कधी उडालं नाही, हे इथेच सांगून टाकते. आप्पा वर्षानुवर्षं सायलेन्सर हलका करत बसले, आणि एका हिवाळ्यात ते गेले.

माळावरच्या त्या फेरीनंतर थोड्याच दिवसांत नाना झोपेतच गेले. पाहुणे, स्वयंपाक, नांदगावची माणसं, यांत मला रडायला सवडच मिळाली नाही. जलदानविधी उरकला, मंडळी पांगली आणि आप्पा ओट्यावर एकटेच बसून राहिले. मला त्यांची कीव आली, रागही आला. म्हटलं, "आप्पा, आता तरी काढा तो सायलेन्सर. तुमचंही वय होत चाललंय. एकदा उडून घ्या. आता कोण आहे दचकायला?"

त्यांनी माळाच्या दिशेला हात केला. मग म्हणाले, "सुनंदा, विमान काय एका जागी थांबतं? ते जिथनं जाईल तिथं खाली कोणाचे तरी नाना झोपलेले असणारच की गं."

मी आत गेले, नानांच्या रिकाम्या खाटेवर बसले आणि पोटभर रडले.